विद्यापीठातील सुरक्षितता : जबाबदारी कोणाची?

विद्यापीठास आपण ज्ञानाचे मंदिर म्हणतो. परंतु आम्लाच्या बाटल्या हाताळणारा प्रयोगशाळा परिचर, गच्चीवरील टाकी धुणारा कंत्राटी कामगार किंवा जुन्या इमारतीतील वीजजोडणी दुरुस्त करणारा तारतंत्री यांच्या दृष्टीने ते प्रथम कामाचे ठिकाण असते. ही साधी गोष्ट आपल्या कायद्यास व विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांस अद्याप पुरती उमगलेली नाही.

याची किंमत कोण मोजतो, हे २०१० मध्ये दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेले कोबाल्ट-६० चे किरणोत्सारी उपकरण भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडण्यात आले; त्यात एक कामगार दगावला व इतर अनेक जणांना गंभीर बाधा झाली. त्याच्या काही महिने आधी, २९ डिसेंबर २००९ रोजी, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायन प्रयोगशाळेस लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले होते.

कायद्याची वाट मात्र नागमोडी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सुरक्षा अधिकाऱ्याची तरतूद होती, पण ती मोठ्या कारखान्यांपुरती. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठास ‘उद्योग’ मानण्याचे नाकारले. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्था उद्योगाच्या व्याख्येत आल्या. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक श्रमसंहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांचा विचार केला हे खरे. तथापि पाचशे किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा अधिकारी नेमण्याचा दंडक तिनेही कारखान्यांसाठीच ठेवला आहे.

दोष केवळ कायद्याचा नव्हे, व्यवस्थेच्या रचनेचाही आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारापासून फारशा दूर नसलेल्या कफ परेडच्या मच्छीमार नगराकडे पाहावे. पावसाळी बंदीच्या दिवसांत कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात, सांधे बुजवतात, जाळी विणतात. मग नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरतात. ही दुरुस्ती कोणी टाळत नाही, कारण लहान होडीचा मालक बहुधा स्वतःच तांडेल असतो. खर्च वाचविणारा आणि बुडणारा एकच असल्यावर काटकसरीला आपोआप मर्यादा पडते. विद्यापीठात खर्चाला कात्री लावणारा कार्यालयात बसतो, धोका प्रयोगशाळेत वा गटारात असतो आणि मध्ये कंत्राटदाराची भिंत उभी असते. अर्थशास्त्राच्या भाषेत, बचत एकाच्या पदरात व हानी दुसऱ्याच्या अंगावर पडते.

निधी नाही, हे उत्तर नेहमीचे व काही अंशी खरे आहे. परंतु कोणती रसायने कोठे आहेत याची नोंद ठेवणे, निरुपयोगी उपकरण विकण्यापूर्वी तज्ज्ञाची सही घेणे, बाहेर पडण्याच्या वाटेवरील कपाटे हलविणे यांस फारसा पैसा लागत नाही. लागते ती नेमून दिलेली जबाबदारी. तेव्हा प्रत्येक विद्यापीठाने कुलगुरूंना थेट उत्तरदायी असा सुरक्षा अधिकारी नेमावा, सुरक्षा समितीत परिचर व कंत्राटी कामगार यांना स्थान द्यावे आणि वर्षभरातील अपघातांचा अहवाल अंदाजपत्रकासोबतच अधिसभेपुढे ठेवावा. ज्या अपघाताची नोंदच होत नाही, त्याच्या प्रतिबंधासाठी कोणतेही अंदाजपत्रक तरतूद करीत नाही.