भंगार कोणाच्या मालकीचे?

बंद पडलेले वॉशिंग मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर चढले की त्याची किंमत किलोवर ठरते. त्यातील तांब्या-लोखंडाचे वजन मोजले जाते. ती मोटर घडविणाऱ्या कामगाराचे श्रम मात्र त्या क्षणी शून्यवत होतात. वस्तुतः टाकी गंजली तरी मोटर बहुधा धडधाकट असते. तीच मोटर एखाद्या निवृत्त फिटरच्या पडवीत गेली, तर धार लावायचे चाक पुढची अनेक वर्षे फिरवते. वितळविण्याने केवळ धातू वाचतो. पुनर्वापराने धातूत साठलेले श्रमही वाचतात. विनिमयमूल्य आणि उपयोगमूल्य यांतील हा भेद अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यातला आहे.

तरीही घरच्या घरी जुन्या सामानातून वस्तू करणाऱ्याला रिकामटेकडा ठरविले जाते. ही हेटाळणी निष्पाप नाही. १९२४ साली बल्ब बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून बल्बचे आयुष्य हजार तासांपुरते मर्यादित केले. १९३२ साली बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने तर वस्तूंचे आयुष्य कायद्याने ठरवून मंदी हटविण्याची योजनाच छापली. ज्या व्यवस्थेचा नफा वस्तू लवकर मरण्यावर अवलंबून आहे, तिला वस्तू जगविणारा माणूस कसा रुचावा?

आता हीच व्यवस्था पर्यावरणाची भाषा बोलू लागली आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली, हे योग्यच झाले. परंतु तिचा हिशेब वजनाचा आणि प्रमाणपत्रांचा आहे, आणि ही प्रमाणपत्रे नोंदणीकृत उद्योगांनाच मिळतात. गल्लीतल्या कारागिराने रेडिओ पुन्हा बोलता केला, तर त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समितीही नेमली. पण समिती म्हणजे कायदा नव्हे.

या हातकामाचे सामाजिक मोल मोठे आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात पुढे अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून भूमितीचे आकार उभे केले. गरीब मुलाच्या हाती प्रयोगशाळा आली ती टाकाऊ वस्तूंतूनच. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला.

भंगारात धोका असतो, हा आक्षेप खराच आहे. बॅटरीतील शिसे व आम्ल, जुन्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉस यांच्याशी खेळणे हा छंद नव्हे, आत्मघात आहे. पण त्यावर उपाय शिक्षणाचा आहे, मक्तेदारीचा नव्हे. तसेच ‘जुगाडा’चे गोडवे गाऊन सरकारची जबाबदारी कारागिराच्या गळ्यात मारणाऱ्यांपासूनही सावध राहिले पाहिजे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. सुटे भाग आणि नकाशे देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. प्रत्येक नगरपालिकेने कचरा फोडण्यापूर्वी उपयोगी वस्तू वेगळ्या काढाव्यात, कचरावेचकांना त्या कामाचे वेतन द्यावे, आणि वॉर्डावॉर्डांत सार्वजनिक कर्मशाळा उघडाव्यात. कष्टकऱ्यांनी घडविलेली वस्तू मोडायची की जगवायची, हा निर्णय केवळ नफ्याच्या हाती सोपविणे म्हणजे त्या श्रमांचे दुसऱ्यांदा शोषण करणे होय.