पाठीवर सॅक, पायाखाली बँकॉक

पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्या बहुतेक तरुणांचा बँकॉकमधला पहिला मुक्काम खाओसान रस्त्यावर पडतो. खोल्या स्वस्त, रात्रभर जाग आणि पावलोपावली पर्यटकांचा बाजार. एकेकाळी इथे तांदळाची बाजारपेठ होती, रस्त्याचे नावही त्यावरूनच पडले. आम्ही दोघांनीही तिथेच खोली घेतली. घरून निघताना अम्मींनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या, "खाणार काय? आणि नमाज कुठं पढणार?" दोन्हींची उत्तरे पहिल्याच सकाळी, चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली.

खाओसानजवळच एका अरुंद गल्लीत चक्रबोंग्से मशीद आहे. रामा पहिल्याच्या काळात दक्षिणेतल्या पट्टानीहून आणलेल्या मलय मुसलमानांची ही जुनी वस्ती. हे लोक सोनारकामात तरबेज होते. बाहेर पर्यटकांचा गलका आणि आत वजूच्या नळांचा आवाज! फजरनंतर एका गाडीवर 'खाओ मोक गाय' घेतला. हळदीच्या पिवळ्या भातात शिजवलेली कोंबडी, वर तळलेला कांदा, सोबत आंबट-गोड हिरवी चटणी. आपल्या बिर्याणीची ही धाकटी बहीणच म्हणायची. गाडीवर हलालचा फलक होता. थायलंडमध्ये हा फलक पाहायची सवय लावली की खाण्याची चिंता बरीच हलकी होते.

तिथून राजवाड्याकडे निघालो. 1782 मध्ये रामा पहिल्याने राजधानी इथे आणली, तेव्हा बांधलेला हा ग्रँड पॅलेस. फाटकाच्या अलीकडेच एक नीटनेटके कपडे घातलेले गृहस्थ गोड हसून पुढे आले. "आज राजवाडा बंद आहे. या टुकटुकवाल्याबरोबर जा, तो स्वस्तात शहर दाखवील." ही इथली जुनी युक्ती आहे. टुकटुक शेवटी जाऊन थांबते ती रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात, आणि तिथे मग विक्रेते सोडत नाहीत. आम्ही सलामीला हात जोडले आणि सरळ तिकीटखिडकी गाठली. राजवाडा उघडाच होता. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेच लागतात. आमच्या सलवार-कमीजला आणि ओढणीला कोणी काही म्हटले नाही. उलट अर्ध्या चड्डीतले कितीतरी पाहुणे अंग झाकायला कपडे शोधत होते.

दुपारी चालत पानफा धक्क्यावर आलो. इथून सेन सेप कालव्याची लोकल बोट सुटते. हा कालवा रामा तिसऱ्याच्या काळात, 1837 ते 1840 दरम्यान, पूर्वेकडच्या युद्धासाठी सैन्य नेता यावे म्हणून खोदला गेला. आज त्यातून कचेरीला जाणारी माणसे जातात. बोट वेगात निघाली की काळे पाणी उडते, म्हणून प्रवासी स्वतःच दोरी ओढून बाजूचे प्लॅस्टिक वर करतात. तिकीट देणारे कर्मचारी बोटीच्या काठावरून बाहेरच्या बाहेर चालत पुढे येतात. रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि आम्ही मात्र काही मिनिटांत हुआ चांग पुलाशी उतरलो.

तिथे बहुतेक पर्यटक जिम थॉम्पसनचे सागवानी घर पाहायला जातात. थाई रेशीम जगभर पोहोचवणारा हा अमेरिकन माणूस 1967 मध्ये मलेशियाच्या डोंगरात नाहीसा झाला, तो पुन्हा सापडला नाही. पण ते रेशीम विणले कोणी? त्याच्या घरासमोर, कालव्याच्या पलीकडे, बान क्रुआ वस्ती आहे. तिथले चाम मुसलमान पहिल्या रामाच्या बाजूने लढले आणि बक्षीस म्हणून त्यांना ही जमीन मिळाली. थॉम्पसनच्या रेशमाचे सुरुवातीचे विणकर हेच.

आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून सायकल आली तर भिंतीला टेकावे लागते. एका घरातून खटखट ऐकू आली आणि आम्ही दोघेही थबकलो. मालेगावच्या माणसाला मागाचा आवाज कुठेही ओळखू येतो. आता इथे फार थोडे माग उरले आहेत. दारातल्या खालांना सलाम केला, तशी त्यांनी सलाम घेऊन आत बोलावले. आम्हाला थाई येत नव्हते, त्यांना इंग्रजी. ताण्यावर बोट ठेवून आम्ही "रेशीम?" असे विचारले, त्यांनी मान हलवली आणि थंड पाण्याचे पेले पुढे केले.

या वस्तीवरून द्रुतगती मार्गाचा रस्ता काढायचे ठरले होते. रहिवासी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध लढले. राजाने दिलेली जमीन, मशीद, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, हे सोडून जायचे कुठे, हा त्यांचा सवाल होता. वस्ती जागेवर राहिली. आजूबाजूला मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत, आणि मध्ये ही बैठी घरे. रुंदीकरणात घरादारावर खुणा झालेल्या पाहिल्या असतील, तर या लढ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मगरिब तिथल्याच मशिदीत पढलो आणि शेवटच्या बोटीची वेळ विचारून घेतली. संध्याकाळनंतर या बोटी फार उशिरापर्यंत चालत नाहीत.

तुमच्या घरातले कोणी असे निघायचे म्हणत असेल, तर अडवू नका. पासपोर्टची एक प्रत वेगळी ठेवायला सांगा, राजवाडा बंद असल्याचे सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायला सांगा, आणि एक दुपार बान क्रुआसाठी राखून ठेवायला सांगा.