परी परकी नाही

‘परीकथांनी मुलांचा अकिदा बिघडतो,’ असं आपल्यातले काही पालक म्हणतात. बाहेरच्या काहींना उर्दूच परकी वाटते. दोघांनाही एकच सांगायचंय. मराठीतली ‘परी’ फारसीतूनच आली. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’त परीजादांचं कोहकाफ आहे, तख्त, दरबार, आसमान परी, सगळं आहे. तरी हमजा 18 वर्षं घरच्या वाटेसाठी तळमळतो. इंग्रज लेखक टॉल्किनचे एल्फ अमर, पण त्याच्याही गोष्टीत मरण ही माणसाला मिळालेली देणगी. प्रत्येक जिवाला मौत आहे, हाच तर आपला अकिदा! हयात थोडी आहे, आपली माणसं सांभाळा, एवढंच या गोष्टी शिकवतात. नगरच्या उर्दू शाळांत त्या जरूर सांगाव्यात. उर्दूत, आणि मराठीतही.