अंतरपाटाच्या दोन बाजू



आज जरा व्यवहारातला विषय घेते. लग्नात फोटोग्राफर किती असावेत? माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. कार्यालयातलं, दोन-तीनशे माणसांचं, सगळे विधी होणारं लग्न असेल तर फोटोग्राफर दोन हवेत. एक पुरत नाही, आणि चारांची गरज नाही. दोन.

विषय निघायचं कारण असं, की आमच्याच नात्यात तुळशीच्या लग्नानंतर एक कार्य आहे. खर्चाची यादी हाताबाहेर गेली म्हणून सगळे कात्री घेऊन बसले आणि पहिली काट मारली गेली ती ‘दुसरा फोटोग्राफर’ या ओळीवर. ड्रोन राहिला. नवरी येताना सोडायचा धूर राहिला. लग्नाआधी कुठल्याशा किल्ल्यावर जाऊन काढायचे फोटोही राहिले. "नवरा-नवरीची जोडी एकच, मग फोटोवाले दोन कशाला?" असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. वाक्य चटपटीत आहे खरं! पण ते बरोबर नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहावं असं वाटलं.

मुळात आपलं लग्न एका वेळी एका ठिकाणी होतच नाही. सकाळचंच बघा. मुलगी पिवळी साडी नेसून आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसलेली असते. अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट अक्षता टाकत असते. दिवसभरात ती एवढी शांत पुन्हा दिसत नाही. नेमक्या त्याच वेळी दारात वरपक्ष आलेला असतो. पाय धुणं, ओवाळणं, मानपान, कुणाची तरी रुसवाफुगवी, सगळं तिथे चालू असतं. एकटा फोटोग्राफर काय करणार? तो दाराकडे पळतो, कारण तिथे आवाज जास्त असतो. गौरीहराजवळ तो नंतर येतो आणि म्हणतो, "ताई, जरा परत अक्षता टाका." मुलगी टाकते. पण ती आता फोटोसाठी टाकते. अल्बम बघताना हा फरक माझ्यासारख्या डोळे अधू झालेल्या बाईलाही कळतो.

मग अंतरपाट. त्या कापडाला दोन बाजू असतात. इकडे मुलगी, तिच्या पाठीशी मामा, मागे कऱ्हा घेतलेली करवली. तिकडे मुलगा, त्याची आत्या, बहीण, मित्र. शेवटचं ‘सावधान’ झालं की गुरुजी अंतरपाट काढतात आणि दोघं एकमेकांकडे बघतात. तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. एक माणूस दोन्ही चेहरे समोरून कसे टिपणार? तो बाजूला उभा राहिला तर दोन्हीकडचे अर्धे चेहरे मिळतात. मुलीकडून काढला तर मुलाचा चेहरा मिळतो आणि मुलीचा अंबाडा! आणि हा क्षण "जरा परत करा" म्हणून करता येत नाही. तसं करायला लावणारेही महाभाग मी पाहिले आहेत. गुरुजींनी अंतरपाट पुन्हा धरला, दोघांनी पुन्हा मान वर केली, आणि मांडवात जी काही शोभा व्हायची ती झाली.

आता तिसरी जागा. काही घरांत मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालायला जाते. हल्ली बऱ्याच जणींनी हे सोडलं आहे आणि ते मला योग्य वाटतं. लेकीचं लग्न आईने का पाहू नये? पण ज्या घरात ही रीत अजून आहे, तिथे वेळ पाहून मागे जा. तांब्या हातात धरून ती बाई उभी असते. आतून मंगलाष्टकांचा आवाज येत असतो आणि तिचे कान तिकडे लागलेले असतात. तिचा फोटो मी आजवर एकाही अल्बममध्ये पाहिलेला नाही. कसा असेल? फोटोग्राफर स्टेजवर असतो ना.

आणि चौथी जागा, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अक्षता पडल्या की दोनशे माणसं जेवायच्या रांगेकडे वळतात. इकडे होमाजवळ नवरा-नवरी, आईवडील, गुरुजी आणि पाच-सहा माणसं उरतात. लाजाहोम होतो, मग तांदळाच्या सात राशींवरून सप्तपदी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ बघा. ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लग्न लागतं ते तेव्हा, आणि तेव्हा आपण सगळे जिलबीच्या रांगेत! बरं, फोटोग्राफर होमाजवळ थांबला तर गावाहून एसटीने आलेल्या, जेवून लगेच परत निघणाऱ्या काका-काकूंचा फोटो राहतो. तो पंगतीकडे गेला तर सप्तपदीची चारच पावलं मिळतात. यात त्याचा काय दोष? त्याला पाय दोन असले तरी ते एकाच ठिकाणी असतात.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, तुमच्या वेळी तर एकच असायचा, तेव्हा चाललंच ना?" चाललं. पण काय चाललं ते सांगते. माझं लग्न १९७६ चं. तेव्हा आमच्या गावच्या फोटोग्राफरकडे वरून खाली वाकून बघायचा चौकोनी कॅमेरा होता. त्यात जो रोल बसे त्यावर बारा फोटो निघत. असे दोन रोल ठरले होते, म्हणजे एकूण चोवीस फोटो. चोवीसच काढायचे म्हटल्यावर साहजिकच तो स्टेज सोडून हलत नसे. हार घालताना, कन्यादान, होम, मग वधूवरांबरोबर क्रमाक्रमाने नातेवाईक. उगाच एक फोटो वाया घालवायची सोय नव्हती.

त्या चोवीस फोटोंत माझी आजी नाही. आईच्या पाठीवर भावंडं झाली तेव्हा तिनेच मला सांभाळलं. ‘अ आ इ’ तिच्याच पाटीवर शिकले, आणि पुढे छत्तीस वर्षं मी जे मुलांना शिकवलं त्याचं मूळ त्या पाटीत आहे. पण आजी विधवा होती, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे ती मांडवात पुढे आली नाही. मागच्या खोलीत बसून राहिली. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नाही आणि ‘ये’ असंही कुणी म्हटलं नाही. पुढे तीन वर्षांनी ती गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. माझ्या नातीला मी तिच्याबद्दल सांगते तेव्हा ती विचारते, "दिसायची कशी?" आणि मी शब्दांनी सांगत बसते.

ती रीत आता बरीच ढिली झाली आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. फार चांगलं झालं. पण रीत गेली तरी कॅमेऱ्याची सवय तीच राहिली आहे. तो स्टेजकडेच बघतो. जो पायऱ्या चढून वर जाऊ शकत नाही, ज्याला चारचौघांत पुढे यायला संकोच वाटतो, जी मावशी कोठीच्या खोलीत नारळ आणि साड्या मोजत बसलेली असते, ज्या आजोबांना खुर्चीतून उठवत नाही, ते सगळे फोटोच्या बाहेर राहतात. शाळेत वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी जी मुलं गैरहजर असत, ती पुढे कुणालाच आठवत नसत. लग्नात तर ही माणसं हजर असूनही गैरहजर लागतात!

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. घरातलं कुणी वयस्कर माणूस गेलं की पहिल्या दोन तासांत फोटोची शोधाशोध सुरू होते. आणि फोटो सापडतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला. कारण चांगले कपडे, चांगला उजेड आणि प्रसन्न चेहरा हे तिन्ही एकत्र तिथेच जुळून आलेलं असतं. मग गर्दीतून तो चेहरा कापून मोठा करतात. खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात राहतो, मागे स्टेजवरची झिरमिळी दिसते, आणि त्याच फोटोला हार घालतात. तुमच्याही भिंतीवर असा एखादा असेल, नीट बघा. म्हणून मी म्हणते, दुसरा फोटोग्राफर हा नवरा-नवरीचे जास्त फोटो मिळावेत म्हणून नाही. तो उरलेल्या घरासाठी आहे.

आता आक्षेप. पहिला हमखास येतो, "हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे की!" आहे, आणि प्रत्येक मोबाइलही स्टेजकडेच रोखलेला असतो. शिवाय ते फोटो चाळीस फोनांत विखुरतात, व्हॉट्सॅपवरून येताना बहुधा लहान होऊन येतात, आणि फोन बदलला की बरेचसे जातात. दुसरा आक्षेप, "आपला पुतण्या छान फोटो काढतो, त्यालाच सांगू." अहो, त्या पुतण्याला लग्नात जेवू द्या, नाचू द्या, बहिणीला निरोप देताना रडू द्या. हातात कॅमेरा दिला की तो पाहुणा राहत नाही, आणि एखादा फोटो राहिला की जन्मभर त्याचं नाव निघतं ते वेगळंच.

तिसरा आक्षेप गर्दीचा. दोन फोटोग्राफर म्हणजे दुप्पट अडथळा, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात उलट होतं. एकटा माणूस या बाजूकडून त्या बाजूकडे सारखा पळतो आणि आपल्याला मंगलाष्टकांत त्याची पाठ दिसत राहते. दोघं असले की प्रत्येक जण आपली बाजू धरून थांबतो. दुसऱ्याकडे लांबचं टिपणारी लेन्स असली तर तो जवळ यायचंही कारण नाही. आणि पहिल्याचा कॅमेरा ऐनवेळी बंद पडला किंवा कार्ड बिघडलं तरी सगळं काही जात नाही. मुहूर्त काही त्याच्यासाठी थांबत नसतो.

चौथा आक्षेप पैशांचा, आणि तो मात्र खरा आहे. कर्ज काढून दुसरा फोटोग्राफर आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ड्रोन आणि दुसरा फोटोग्राफर यांतलं एकच परवडणार असेल तर ड्रोन सोडा. ड्रोनला वरून मांडव आणि डोकी दिसतात, त्यातलं आपलं कुठलं ते ओळखू येत नाही. आणि लग्न लहान असेल तर एकच पुरे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करताय, तीन साक्षीदार आणि घरची वीस माणसं आहेत, तिथे दोन फोटोग्राफर म्हणजे थट्टाच.

ठरवताना मात्र चार गोष्टी बघून घ्या. हल्ली ‘ट्रॅडिशनल’ एक आणि ‘कँडिड’ एक अशी जोडी मिळते. पुष्कळदा होतं काय, की दोघंही नवरीच्याच मागे फिरतात. एक तिला बघायला सांगतो आणि दुसरा ‘बघू नका’ सांगतो, एवढाच फरक! म्हणून कोण कुठे थांबणार हे वेळेनुसार आधी लिहून द्या. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी सारखी लावून घ्यायला सांगा, नाहीतर अल्बममध्ये सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर येतो. दुसरा माणूस कोण आहे आणि त्याने काढलेले सगळे फोटो तुम्हाला मिळणार का, हे करारात लिहून घ्या. आणि दोघांनाही आळीपाळीने, वेळेवर, बसवून जेवायला वाढा. उपाशी माणसाला पंगतीतले हसरे चेहरे दिसत नाहीत.

शेवटचं काम तुमचं आहे. दुसऱ्या फोटोग्राफरला घरातल्या माणसांची एक यादी द्या, आणि चेहरे दाखवायला एखादं चुणचुणीत भाचरू त्याच्याबरोबर सोडा. कोण कुठे बसलं असेल, कोण जेवून लवकर निघणार, कुणाला स्टेजवर यायला जमणार नाही, हे त्या यादीत असू द्या. आणि यादी करायला बसाल तेव्हा पहिलं नाव घरातल्या सर्वांत वयस्कर बाईचं लिहा. ती "माझा कशाला, मेलं" असं म्हणेल. तरी लिहा.