सिद्दी जौहरला जमले नाही ते

सिद्दी जौहर 1660 मध्ये चार महिने पन्हाळ्याला वेढा घालून बसला, पण तेवढ्या काळात त्याला तटाच्या आत पाऊल टाकता आले नाही. आता कुठल्याही रविवारी खिशात दुचाकीची किल्ली असलेला वीर थेट सज्जाकोठीत शिरतो, त्याच किल्लीने बाणासकट बदाम कोरतो आणि झुणका-भाकर खाऊन गड उतरतो. पन्हाळा 11 जुलै 2025 रोजी आणखी अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. यादीत आपलेही नाव हवे, असे या मंडळींना वाटत असावे!

परंपरा जुनी आहे म्हणा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी चित्रावरच आपले नाव खरडले. आज गाईड ते बॅटरी मारून कौतुकाने दाखवतात.

हा प्रश्न नुसता विद्रूपीकरणाचा नाही. दगडात बदाम कोरायला वेळ लागतो, आवाज होतो, शिवाय एक मित्र मोबाइलवर चित्रण करत उभा असतो. एवढे होऊनही कोणी हटकत नसेल, तर तिथे पहाराच नाही. पन्हाळ्यावरच्या अंधारबाव विहिरीच्या काळोख्या पायऱ्यांवर किल्ली घेऊन उतरणाऱ्याच्या हाती उद्या पहार असली, तरी कळणार कोणाला?

कायदा मवाळ नाही. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली. रोमच्या कोलोसियमवर 2023 मध्ये एका पर्यटकाने किल्लीनेच नावे कोरली. दुसऱ्या पर्यटकाने केलेल्या चित्रणावरून पोलिसांनी त्याला थेट इंग्लंडमध्ये हुडकले. वास्तू इतकी जुनी आहे हे ठाऊक नव्हते, असे त्याने माफीपत्रात लिहिले. आपल्याकडे ती सबब चालायची नाही. पन्हाळ्याचा इतिहास इथल्या पोरांना चौथीपासून पाठ असतो.

पुरातत्त्व खात्याने सुट्टीच्या दिवशी सज्जाकोठी, अंधारबाव आणि तीन दरवाजा इथे रखवालदार उभे करावेत आणि निदान एक गुन्हा तरी शेवटास न्यावा. फिर्यादीत लिहायचे नाव आरोपीने भिंतीवर आधीच लिहून ठेवले आहे, काही ठिकाणी गावासकट.