जुन्या गाडीतील उघड्या तारा कोणाच्या?

जुनी रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो विकत घेणारा श्रमिक गाडीबरोबर आणखी एक वस्तू घरी आणतो. तिची किंमत सौद्यात कोणी सांगितलेली नसते आणि तिचा उल्लेख कोणत्याही कागदावर नसतो. ती वस्तू म्हणजे आधीच्या मालकाने हौसेपायी वा गरजेपोटी केलेले वायरिंग. हा विषय गॅरेजचा आहे, राजकीय कार्यकर्त्याला त्याचे काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु धोका निर्माण करणारा एक आणि तो भोगणारा दुसरा, अशी जेथे जेथे व्यवस्था आढळते, तेथे तेथे आपला प्रश्न आहे.

आधी धोक्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. या गाड्यांची बॅटरी सामान्यतः 12 व्होल्टची असते. तिला हात लागला तरी झटका जाणवत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज पसरलेला आहे. वस्तुतः बॅटरीच्या दोन टोकांचा थेट संबंध आला तर तीच बॅटरी क्षणभरात शेकडो अँपियरचा प्रवाह सोडू शकते. बारीक तार त्या प्रवाहाने लाल होते आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक पेट घेते. हे टाळण्यासाठी कारखान्यात बहुतेक तारांच्या वाटेवर फ्यूज बसविलेला असतो. तो मुख्यतः तारेचे रक्षण करतो. दिवा वा हॉर्न वाचविणे हे त्याचे दुय्यम काम. शिवाय गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार म्हणून वापरलेला असतो. त्यामुळे सोललेली तार पत्र्याला कोठेही टेकली की शॉर्टसर्किट झालेच म्हणून समजावे.

आता आधीच्या मालकाने काय केलेले असते ते पाहू. मोठा हॉर्न, गाण्याचा संच, रंगीत दिवे, मोबाइलचा चार्जर, छोटा पंखा अशा एकेका वस्तूसाठी बॅटरीवरून ‘डायरेक्ट’ वायर ओढलेली असते आणि तिला फ्यूज नसतो. मूळचा फ्यूज वारंवार उडू लागला तर त्याचे कारण न शोधता त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद बसविला जातो. सांधे नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेली असते. दोन उन्हाळ्यांत त्या टेपचा डिंक वितळतो आणि सांधा उघडा पडतो. पत्र्याला पाडलेल्या भोकातून तार नेताना रबरी कडे घातलेले नसते, म्हणून प्रत्येक खड्ड्यागणिक पत्र्याची धार प्लॅस्टिक कापीत राहते. वायर सायलेन्सरजवळून किंवा सीएनजीच्या नळीला बांधून नेलेली असली, तर काय वाढून ठेवले आहे हे सांगायला नको.

दिव्यांचे उदाहरण घ्या. टेम्पोला मुळात 60 वॉटचे दोन दिवे असतील तर 12 व्होल्टवर त्यांना सुमारे 10 अँपियर प्रवाह लागतो. अधिक उजेडासाठी 100 वॉटचे दोन बल्ब लावले की प्रवाह सुमारे 17 अँपियर होतो. तार मात्र तीच राहते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीन पट होते. उजेड वाढल्याचा आनंद पहिल्या मालकाने उपभोगला. करपलेली तार आणि वितळू लागलेला स्विच दुसऱ्याच्या वाट्याला आला.

म्हणून पहिला मालक दुष्ट ठरतो काय? मुळीच नाही. तोही बहुधा रात्री-बेरात्री अंधाऱ्या रस्त्यावर गाडी चालविणारा असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. वायरमनचा पोरगा तासाभरात काम उरकून देतो. तो उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेला असतो. तारेची जाडी आणि प्रवाह यांचे गणित त्याला कोणी शिकविलेलेच नसते. ज्या व्यवस्थेत सुरक्षिततेचा खर्च आज करावा लागतो आणि ती टाळल्याची शिक्षा उद्या दुसऱ्या कोणाला होते, त्या व्यवस्थेत सज्जन माणूसही टेपच गुंडाळील.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना येथे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा 1970 चा प्रसिद्ध निबंध आठवेल. जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्यामुळे चांगल्या मालाला योग्य किंमत येईनाशी होऊन बाजारात वाईट माल उरत जातो. 2001 मध्ये त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी हा विचार होता. परंतु आपल्याकडील वास्तवाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे वर्गाची. गाडी जुनी होत जाते तशी ती समाजाच्या उतरंडीवरून खाली येते. नवी गाडी घेण्याची ज्याची ऐपत असते त्याच्याकडून ती छोट्या मालकाकडे येते आणि अखेरीस कर्ज काढून स्वतःच ती चालविणाऱ्याकडे पोहोचते. प्रत्येक हातबदलात किंमत कमी होते व धोका वाढतो. स्वस्त गाडी स्वस्त असते याचे एक कारण असे, की तिच्यातील न दिसणारे कर्ज घेणाऱ्याच्या अंगावर टाकलेले असते. अनेक जुन्या गाड्यांना केवळ तृतीय पक्षाचा विमा असतो. अशी गाडी जळाली तर गाडीच्या किमतीचा एक पैसाही मिळत नाही. कर्जाचे हप्ते मात्र राखेवरही चालू राहतात.

कायदा काय म्हणतो? 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचे सोळावे कलम काही अपवाद सोडता ‘घेणाऱ्याने सावध असावे’ या जुन्या तत्त्वावर उभे आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने गाडीत मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे आणि प्रवासी व मालवाहू गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. हे ‘पासिंग’ कसे होते, ते मात्र प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. रंगीत दिवे आणि जादा हॉर्न आदल्या दिवशी निघतात व दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात. सीटखालचे सांधे कोणी उघडून पाहत नाही. मालकी बदलताना 29 व 30 क्रमांकाचे फॉर्म भरले जातात. त्यांत नावे, पत्ते व क्रमांक असतात, गाडीच्या अंतर्गत स्थितीविषयी अक्षर नसते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून अधिकृततेचे नियम आले, तेही मुख्यतः व्यवहाराच्या नोंदीसाठी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानले आहे, ही जमेची बाजू. पण जळालेल्या गाडीच्या अवशेषांतून आधीच्या मालकाचा सांधा सिद्ध कोण करणार?

‘घेतानाच पाहून घ्यावे’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. टायर झिजलेला दिसतो, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. आवरणाखालची तार दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ती पाहायची तर गाडी उघडावी लागते, आणि सौदा ठरण्यापूर्वी गाडी उघडू देणारा विक्रेता विरळा.

म्हणून सध्या तरी घेतल्यानंतरची दुरुस्ती हाच मार्ग उरतो. ती अवघड नाही, पण शिस्तीने झाली पाहिजे. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. आधी धन टोक सोडवू लागलो आणि पाना चुकून पत्र्याला लागला तर तेथेच ठिणगी उडते. मग बॅटरीपासून निघालेली प्रत्येक जादा वायर शेवटपर्यंत शोधून काढून टाकावी. मध्येच तोडून टोक लोंबकळत ठेवू नये. प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. जे उपकरण खरोखर हवे आहे त्याला योग्य जाडीची स्वतंत्र वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्यावा. मोठ्या हॉर्नला व दिव्यांना रिले बसवावा. सांधे नीट दाबून वा डाख देऊन वरून आवरण चढवावे, आणि पत्र्यातील प्रत्येक भोकाला रबरी कडे घालावे.

हे काम एकेकट्या चालकावर सोडणे म्हणजे पुन्हा दुबळ्याच्याच खांद्यावर ओझे टाकणे होय. पुण्यात हमाल पंचायतीने 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तेव्हा कष्टकऱ्याला रास्त दरात पोटभर अन्न देणे हे संघटनेचे काम ठरले. त्याच न्यायाने सुरक्षित गाडी हेही संघटनेचे काम ठरू शकते. रिक्षा व टॅक्सी संघटनांनी स्टँडवर महिन्यातून एक दिवस वायरिंग तपासणी ठेवावी. जवळच्या आयटीआयमधील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना तेथे बोलवावे आणि गॅरेजमधील पोरांनाही त्या शिक्षणात सामील करून घ्यावे. चालकांच्या पतसंस्थांनी जुन्या गाडीसाठी कर्ज देताना या दुरुस्तीची रक्कम कर्जातच धरावी. सरकारकडे मागणी एकच असावी: व्यावसायिक गाडीची मालकी बदलताना वायरिंगची तपासणी सक्तीची करावी, तिचा दाखला हस्तांतराच्या कागदांना जोडावा आणि तिचा खर्च विकणाऱ्याकडून घ्यावा.

या मागणीने जुन्या गाडीची किंमत थोडी वाढेल, असा आक्षेप येईल. ती वाढणार नाही. आज लपलेली किंमत फक्त उघड होईल, आणि ती कोणी द्यायची हे सौद्याच्या वेळीच ठरेल. आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर जो स्टँड आहे, तेथील प्रत्येक रिक्षेचे फ्यूज या महिन्यात एकदा तपासून घेण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.