जीपचे इंजिन बदलले, मोकळीक पाहिली का?



जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलेल्या एका वाचकाने विचारले आहे : सपाट रस्त्यावर गाडी छान चालते, पण बांध ओलांडताना पुढे खालून ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, चेंबरला हातोड्याने पोचा पाडू. पाडावा काय?

पाडू नये. जीपच्या पुढच्या ॲक्सललाही डिफरन्शिअलचा गोळा असतो. डिझेल इंजिन बहुधा वजनाला भारी, त्यामुळे पाटे आधीच बसलेले असतात. खड्ड्यात ते आणखी दबले की ॲक्सल वर येऊन ऑईल चेंबरवर आदळतो. पोचा पाडला तर आत तेल ओढणारी गाळणी असते, तिचे तोंड दाबले जाते. मग पट्टीवर तेल पुरेसे दिसते, पण बेअरिंगला पोचत नाही आणि इंजिन जाम होते. भर हंगामात माल भरून निघालेली गाडी अशी वाटेत बसली तर खर्च किती, ते सांगायला नको.

आधी नेमके अंतर तपासावे. घरातून मळलेल्या कणकेचा मुठीएवढा गोळा मागून घ्या (घरची मंडळी हसतील, हसू द्या). तो ॲक्सल आणि चेंबर यांच्यामध्ये चिकटवा, गाडीत नेहमीइतका भार ठेवा आणि एकेक चाक बांधावर चढवून सावकाश उतरवा. सर्वांत दबलेल्या जागी निदान बोटभर कणीक उरली पाहिजे. गाडी उभी असताना दिसणारी फट हिशेबात धरू नये.

कणीक चिरडली तर पहिला इलाज पाट्यांचा. थकलेले पाटे दुरुस्त करावेत, गरज पडल्यास एक पान वाढवावे, चॅसीखालची धक्कारबरे नवी घालावीत. तेवढ्याने भागले नाही तर चेंबर उतरवून तेवढाच भाग कापून पत्रा वेल्ड करावा. गाळणीचे तळापासूनचे अंतर मूळचेच राहिले पाहिजे. तेल कमी मावू लागले तर पट्टीची खूण बदलावी. रॉकेल भरून रात्रभर ठेवले की गळती कळते.

इंजिनच वर उचलावे, असेही काही जण सुचवतात. पण मागचा भाग गिअरबॉक्सला जखडलेला. पुढून उचलले की पंखा रेडिएटरच्या मध्यापासून सरकतो आणि बॉनेट टेकते. खुद्द कारखान्यालाही हे चुकले नाही. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली उंच हरिकेन इंजिन घातले, तेव्हा बॉनेटच उंच करावे लागले. तीच सीजे-३बी जीप पुढे महिंद्र कंपनीने आपल्याकडे बनविली.

पंखा आणि रेडिएटर यांत इंचभर जागा हवी. ओढ्याच्या खोल पाण्यात पाती पुढे वाकून रेडिएटर फाडतात, म्हणून तेवढ्यापुरता पंख्याचा पट्टा काढावा.

स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची रबरी नळी कोठे घासते का, तेही पाहावे. चेंबरपेक्षा मी हिलाच जास्त भितो. गाडीत बायकामुले बसलेली असतात. सायलेन्सरच्या पाइपाजवळून डिझेलची नळी जात असेल तर ती दूर बांधावी.

इंजिन बदलण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. नवा इंजिन नंबर व इंधन नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावे. महिनाभराने, इंजिनाखालची रबरे बसली की, कणकेची तपासणी पुन्हा करावी.